वाचकांचे प्रश्न : प्राध्यापक संघटनेची सभा, मतपेटी आणि संप

अमरावती, नागपूर आणि गोंडवाना या तिन्ही विद्यापीठांच्या क्षेत्रातून प्राध्यापक संघटनांच्या कारभाराविषयी आलेल्या पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. नावे आणि महाविद्यालये मुद्दाम गाळली आहेत.

प्रश्न : आमची वार्षिक सर्वसाधारण सभा दरवर्षी नागपूरला, रविवारी सकाळी ११ वाजता असते. सूचनेतच छापलेले असते की गणपूर्ती (सभेला लागणारी किमान उपस्थिती) न झाल्यास सभा ११.३० ला त्याच जागी पुन्हा भरेल आणि तिला गणपूर्तीची अट राहणार नाही. आम्ही सिरोंच्याहून पोहोचेपर्यंत हिशेब मंजूर होऊन चहा सुरू असतो. हे कायदेशीर आहे का?
— सहायक प्राध्यापक, जि. गडचिरोली

उत्तर : घटनेत तसे कलम असेल तर आहे, आणि पुष्कळ संघटनांच्या घटनेत ते असते. गणपूर्तीअभावी वर्षानुवर्षे सभाच होऊ नये अशी पाळी येऊ नये म्हणून ते घातलेले असते. पण सिरोंचा ते गडचिरोली हेच अंतर जिथे दोनशे किलोमीटरच्या वर आहे, तिथे अर्ध्या तासाची तहकुबी म्हणजे शहरातल्या पंधरा-वीस जणांच्या हाती संघटना देणे होय.

आधी घटनेची प्रमाणित प्रत काढा. ती सचिवांकडून घेऊ नका. धर्मादाय आयुक्तांच्या ज्या कार्यालयात संघटनेची नोंद आहे तिथून घ्या. सभेत केलेल्या दुरुस्त्या पुष्कळदा त्या कार्यालयात पोहोचवल्याच जात नाहीत, त्यामुळे सचिवांच्या कपाटातली प्रत वेगळी निघू शकते. प्रतीत तीन गोष्टी पाहा : सभेची सूचना किती दिवस आधी, तहकूब सभा केव्हा, आणि सभासदांच्या मागणीवरून विशेष सभा किती सह्यांवर बोलवावी लागते.

मग विशेष सभेचे मागणीपत्र तयार करा. ‘या विषयावर चर्चा व्हावी’ असे मोघम लिहू नका, ठरावाचा मजकूर शब्दशः द्या. उदाहरणार्थ : ‘हिशेब, निवडणूक आणि घटनादुरुस्ती हे विषय तहकूब सभेत घ्यायचे असल्यास ती सभा किमान ७ दिवसांनंतर, नव्या सूचनेने आणि दुपारी १ नंतर घ्यावी.’ प्रत्येक सहीसमोर सभासद क्रमांक आणि महाविद्यालय हवे. वर्गणी थकलेल्यांच्या सह्या छाननीत बाद होतात आणि दोन-तीन सह्यांवरून सगळी मागणी फेटाळली जाते. म्हणून लागतात त्याहून निदान दहा सह्या जास्त घ्या. पत्र स्पीड पोस्टाने, पोच घेऊन पाठवा. व्हॉट्सअॅप गटावर टाकायला हरकत नाही, पण घटनेत तशी सोय नसेल तर त्यावर विसंबू नका.

संघटना १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली असेल तर एक नेहमीचा घोळ टाळा. संस्थेचे उद्दिष्ट बदलायचे असेल तर तीनपंचमांश मते आणि महिन्याच्या अंतराने दुसरी सभा लागते. सभेच्या वेळेसारखा नियम बदलायला घटनेत त्यासाठी सांगितलेले बहुमत पुरते. पदाधिकारी पहिली अट दुसऱ्या कामाला लावून सभासदांना माघारी पाठवतात.

तोवर उशिरा पोहोचलात तरी हजेरीपटावर सही करा, सहीसमोर पोहोचल्याची वेळ लिहा आणि विरोध लेखी देऊन इतिवृत्तात नोंदवायला सांगा. पुढे वाद झाला तर हाच कागद कामी येतो.

प्रश्न : निवडणूक कायम ‘बिनविरोध’ होते. उमेदवारी अर्ज सचिवांच्या घरीच मिळतात आणि मतदारयादी आदल्या दिवशी दिसते. काय करावे?
— प्राध्यापक, ता. दर्यापूर

उत्तर : बिनविरोध निवडणुकीचे खरे काम मतदानाच्या कितीतरी आधी, यादीत आणि अर्जाच्या खिडकीवर उरकलेले असते. म्हणून तिथूनच सुरुवात करा. निवडणूक निर्णय अधिकारी उमेदवार नसलेला हवा, शक्यतो दुसऱ्या जिल्ह्यातला किंवा निवृत्त सभासद. अर्जाचा नमुना सूचनेसोबतच छापून पाठवावा, म्हणजे कुणाच्या घरी जायला नको. यादीची कटऑफ तारीख आधी ठरवावी, कच्ची यादी निदान १५ दिवस हरकतींसाठी खुली ठेवावी आणि हरकतींचा निकाल लेखी द्यावा.

मतपत्रिकेला क्रमांक असायला हरकत नाही, पण तो स्थळप्रतीवर (मतपत्रिका फाडल्यावर वहीत उरणाऱ्या भागावर) मतदाराच्या सहीशेजारी आला की गुप्तता संपली. सही वेगळ्या यादीवर घ्या. तालुक्याच्या ठिकाणी मतदान केंद्रे ठेवली तर पेटी सील करून जिल्ह्याला आणा, सीलवर उमेदवारांच्या प्रतिनिधींच्या सह्या घ्या आणि सगळ्या पेट्यांतल्या मतपत्रिका एकत्र मिसळूनच मोजा. सात सभासदांच्या महाविद्यालयाची पेटी वेगळी मोजली तर कुणी कुणाला मत दिले हे संध्याकाळपर्यंत संस्थाचालकालाही कळते. दुसऱ्याच्या नावाने मत देण्याची मुभा घटनेत नसेल तर ‘सरांनी सांगितलंय’ म्हणून एकाने चौघांची मते टाकणे चालू देऊ नका.

प्रश्न : निवडणुकीनंतर दोन गट झाले. दोघेही स्वतःला खरी कार्यकारिणी म्हणवतात, बँकेने खाते थांबवले आहे आणि उच्च शिक्षण सहसंचालक कुणाशीच बोलत नाहीत.
— आजीव सभासद, जि. यवतमाळ

उत्तर : संघटना सार्वजनिक न्यास (ट्रस्ट) म्हणूनही नोंदलेली असेल तर कार्यकारिणीतला बदल धर्मादाय कार्यालयाला ९० दिवसांत कळवावा लागतो, यालाच सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात. सोबत सभेची सूचना, ती पोहोचल्याचे पुरावे, हजेरीपट, ठराव आणि नव्या पदाधिकाऱ्यांची संमतिपत्रे लागतात. वाद निघतो तो बहुधा ‘सूचना सगळ्यांना पोहोचली का’ याच मुद्द्यावर. चौकशी लांबते, आणि तोवर दोन्ही गटांची ताकद तारखांवर खर्च होते. आमचा सल्ला : निकालाची वाट पाहत बसण्यापेक्षा दोन्ही गटांनी लेखी संमतीने एक निर्णय अधिकारी नेमून फेरनिवडणूक घ्यावी आणि दोन्ही गटांच्या चेंज रिपोर्टांच्या फायलीत तसे निवेदन द्यावे. भांडण खुर्चीचे असेल तर हे कुणालाच पटणार नाही, हेही खरे.

प्रश्न : मी तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर, शिकवते. वर्गणी पूर्ण घेतात, मतदानाचा हक्क नाही. मोर्चाला मात्र आधी आम्हालाच बोलावतात. दोन महिन्यांचे देयक अडल्याची तक्रार केली तर महाविद्यालयाने काम बंद केले. संघटनेचे जिल्हाध्यक्ष आमच्याच महाविद्यालयाचे प्रभारी प्राचार्य आहेत. दाद कुणाकडे मागू?
— जि. बुलढाणा

उत्तर : ताई, आधी मुदतीकडे बघा. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या कलम ८१ प्रमाणे सेवा संपवल्याचा आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत विद्यापीठ व महाविद्यालयीन न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. संघटना ‘बघतो, बोलतो’ म्हणते त्या काळात हे दिवस थांबत नाहीत. या प्रकरणांत सगळ्यात जास्त नुकसान इथेच होते. समोरून पहिला आक्षेप येईल की नेमणूक सत्रापुरतीच होती, म्हणून नियुक्तीपत्र, वेळापत्रक, तासिकांची नोंदवही, हजेरीपटाची झेरॉक्स आणि आधी मिळालेल्या मानधनाच्या बँकेतील नोंदी आजच गोळा करा. काम तोंडी बंद केले असेल तर ‘अमुक तारखेपासून मला वर्ग दिले नाहीत, लेखी आदेश द्यावा’ असे पत्र देऊन पोच घ्या. वकिलाचा सल्ला मात्र लगेच घ्या. थकलेल्या देयकाबाबत अमरावतीच्या सहसंचालक कार्यालयाला वेगळे पत्र लिहा. देयक महाविद्यालयाने पाठवलेच नाही की त्रुटीसाठी परत आले, हे माहिती अधिकारात तिथून कळते. इतर गाऱ्हाण्यांसाठी त्याच अधिनियमाच्या कलम ७९ ची तक्रार निवारण समिती आहे.

आता संघटना. ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे तेच ती ऐकणार असतील तर ती ऐकणे नव्हे. तक्रार थेट मध्यवर्ती सरचिटणीसांना द्या आणि जिल्हाध्यक्षांनी या विषयाच्या बैठकीत बसू नये अशी लेखी मागणी करा. प्रभारी प्राचार्यपद घेतलेल्याने तेवढा काळ संघटनेतले पद सोडावे असा नियम घटनेत घालण्याजोगा आहे. प्रभारी मंडळी वर्षानुवर्षे असतात, तरीही.

मतदानाबद्दल नेतृत्वाचा खरा आक्षेप असा की तासिकावाल्यांची यादी दर सत्राला बदलते. त्याला उपाय आहे : विद्यापीठ क्षेत्रात सलग दोन सत्रे काम आणि कटऑफ तारखेला वर्गणी भरलेली असेल तर मत. पूर्ण वर्गणी घ्यायची आणि मत द्यायचे नाही, हे आमच्या मते कोणत्याही कारणाने समर्थनीय नाही.

प्रश्न : परीक्षांच्या कामावर बहिष्काराचा ठराव कार्यकारिणीने परस्पर केला आहे. सभासदांना तो बंधनकारक आहे का?
— सहयोगी प्राध्यापक, ता. ब्रह्मपुरी

उत्तर : घटना काय म्हणते ते पाहा, पण धोका सभासदाचा असतो, कार्यकारिणीचा नव्हे. शिक्षक तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यातले ‘कामगार’ नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली दिला. २०१६ च्या विद्यापीठ अधिनियमाचे कलम ४८(४) परीक्षेचे काम बंधनकारक करते. संपकाळाचे वेतन कापता येते, हे १९९० च्या निकालापासून स्पष्ट आहे. २०१३ साली राज्यातल्या प्राध्यापकांनी फेब्रुवारी ते मे परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकला. तेव्हा रोखलेले ७१ दिवसांचे वेतन २०१८ च्या आंदोलनातही मागण्यांच्या यादीत होते.

म्हणून असा निर्णय गुप्त मतदानानेच व्हावा, आणि प्रश्न सुटे विचारावेत : धरणे मान्य आहे का, एक दिवसाची सामूहिक रजा मान्य आहे का, परीक्षा बहिष्कार मान्य आहे का. हात वर करून मत घेतले की तिन्हींना टाळ्या पडतात आणि तिसऱ्या दिवशी निम्मे लोक पर्यवेक्षणाला हजर असतात. किती टक्के होकार पाहिजे ते मतदानाआधी ठरवा. वाटाघाटींना कोण जाणार आणि आंदोलन स्थगित करण्याचा अधिकार कुणाला, हे त्याच ठरावात लिहा. मंत्र्यांचे तोंडी आश्वासन घेऊन पेढे वाटू नका. बैठकीचे सहीचे इतिवृत्त मागा आणि ते सभासदांना वाचून दाखवून मगच मागे या. संघर्ष निधीचे खाते वेगळे ठेवा, दोन सह्यांचे. त्यातून पहिली मदत तासिका तत्त्वावरच्यांना द्या, कारण तास बुडाला की त्यांचे मानधन त्याच दिवशी बुडते.

प्रश्न : हिशेबाच्या वह्या पाहायला मिळत नाहीत. — वर्धा

उत्तर : कामगार संघटना म्हणून नोंदणी असेल तर वह्या पाहण्याची सोय नियमांतच असावी लागते. न्यास म्हणून नोंदणी असेल तर लेखापरीक्षण अहवालाची प्रत धर्मादाय कार्यालयातून अर्ज करून मिळते. अर्जात न्यासाचा नोंदणी क्रमांक आणि आर्थिक वर्ष नक्की लिहा.