जुलैत आंबोलीला दोघांना निवांतपणा मिळेल का?

तुमचा प्रश्न असा आहे: दोघंही कोल्हापुरात नोकरी करता, लग्नाला वर्ष होत आलंय, जुलैतला एक शनिवार-रविवार आंबोलीत काढायचा विचार आहे. पण ऑफिसातले सगळे सांगतात की पावसाळ्यात तिथे जत्रा भरते. दोघांना शांतपणे राहता येईल, की दुसरं ठिकाण बघावं?

दुसरं ठिकाण शोधू नका, आंबोलीलाच जा. फक्त शनिवारी सकाळी निघण्याऐवजी रविवारी जेवण करून निघा आणि सोमवारची रजा टाका. बाकी काही नाही केलं तरी एवढ्याने निम्मं काम होईल.

माझं माहेर आजऱ्याकडचं, त्यामुळे हा रस्ता लहानपणापासूनचा. लग्नानंतर नवऱ्याला घेऊन पावसाळ्यात एखादा तरी मुक्काम तिथे होतोच. म्हणून सांगते, लोक ज्या गर्दीबद्दल बोलतात ती मुख्य धबधब्याची गर्दी. हा धबधबा गावापासून सावंतवाडीच्या बाजूला घाट उतरायला लागलं की आहे, अगदी रस्त्याला लागून. रविवारी तिथे गाड्यांच्या रांगा, कणसं-भजीचे स्टॉल, पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नाही, आणि पाण्याच्या आवाजावर मात करणारी गाणी. तुमचे सहकारी खोटं बोलत नाहीत. पण त्यांतले बरेच जण धबधबा बघून संध्याकाळी परत फिरले असणार. आंबोलीत बहुतेक लोक असेच येतात. दहा-अकराला पोचायचं, भिजायचं, खायचं, अंधार पडायच्या आत घाट सोडायचा. मुक्कामाला फार थोडे राहतात, आणि रविवार रात्र ते सोमवार तर गाव जवळपास गावकऱ्यांचंच असतं.

कोल्हापूरहून निपाणी, उत्तूर, आजरा असं आलात तर साधारण ११५-१२० किलोमीटर पडतं. पावसात तीन-साडेतीन तास धरा. रविवारी दुपारी तुम्ही जाताय आणि समोरून परतणाऱ्या गाड्या येताहेत, असं चित्र दिसेल. धुकं असेल तर दिवे खालच्या झोतावर ठेवा. वरचा झोत टाकला की समोर पांढरी भिंतच उभी राहते. आंबोली यायच्या आधी नांगरतासचा धबधबा लागतो. नदी एका अरुंद फटीत कोसळते, शेजारी देवाचं छोटं देऊळ आहे. चार-साडेचारला तिथेही गर्दी ओसरलेली असते. पंधरा मिनिटं थांबा आणि पुढे चला.

राहायची जागा निवडताना फोटो बघू नका, फोन करून विचारा. पहिला प्रश्न: ग्रुप बुकिंग घेता का? घेत असतील तर सोडून द्या, कारण शेजारच्या खोल्यांत बारा-पंधरा मित्र उतरले की तुमची शांतता संपली, मग जागा कितीही सुंदर असो. दुसरा प्रश्न: खोलीला पडवी आहे का, बसता येईल अशी, छपराखालची? जुलैत आंबोलीतला निम्मा वेळ तिथेच जातो. हमरस्त्यावरच्या हॉटेलांपेक्षा आतल्या बाजूला, चौकुळ किंवा गेळे गावाकडे, घरगुती सोय शोधा. जेवण आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं, मटण-कोंबडी तर नक्कीच. मी मात्र पहिल्या रात्री कुळथाची पिठी आणि तांदळाची भाकरी सांगते. चार तास ओल्या हवेत काढल्यावर तेच हवंसं वाटतं. दोघांचीही ओळखपत्रं बरोबर ठेवा.

आता पावसाबद्दल, कारण याचा अंदाज न घेता गेलात तर चिडचिड होईल. आंबोली समुद्रसपाटीपासून साधारण ६९० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या अगदी कडेला आहे. अरबी समुद्रावरून आलेले ढग कोकण ओलांडून याच कड्याला थडकतात आणि वर चढताना रिकामे होतात. वर्षाचा पाऊस ७००० मिलिमीटरच्या आसपास जातो आणि त्यातला मोठा वाटा जुलैत पडतो. म्हणजे महादेवगड पॉइंटवर जाऊन कोकण दिसेल, सूर्यास्त दिसेल ही अपेक्षा ठेवू नका. पांढरं धुकं दिसेल, एवढंच. कपडे वाळणार नाहीत, वीज जाईल, फोनला रेंज येईल-जाईल. प्रत्येकी एक जोडी कपडे जास्त घ्या, प्लास्टिकच्या पिशव्या घ्या, दोन चांगल्या टॉर्च घ्या. छत्रीचा उपयोग नाही, वारा ती उलटी करतो. रेनकोट हवा. दरीचं दृश्य हेच तुमच्यासाठी महत्त्वाचं असेल तर ऑक्टोबरात जा, पण मग पुढे जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं हुकेल.

आंबोलीची खरी श्रीमंती पावसाळ्यातल्या रात्रीत आहे. गावात वन्यजीवांचा अभ्यास असलेली, रात्री जंगलात फिरवणारी माणसं आहेत. जिथे उतराल तिथे विचारा, ते गाठ घालून देतील. दोघंच जाऊ नका. या भागात गवे आहेत, चौकुळच्या बाजूला अस्वलंही आहेत आणि पायाखाली साप असू शकतो. माहितीतला माणूस पुढे असला की भीती राहत नाही आणि दिसतंही दहापट जास्त.

काय दिसेल? नशीब असेल तर मलबारी उडता बेडूक. हिरवागार, बोटांमधला पडदा नारिंगी-लाल. या बेडकांची जोडी साचलेल्या पाण्यावर झुकलेल्या फांदीवर बसते आणि मादीच्या अंगातून येणारा द्रव पायांनी घुसळून त्याचा फेस करते. त्या फेसाच्या गोळ्यात अंडी. काही दिवसांनी फेस सैल होतो आणि पिल्लं थेट खालच्या पाण्यात पडतात. पाण्याच्या टाकीवर, विहिरीच्या काठावरच्या झाडावर असे पांढरे गोळे लटकलेले तुम्हाला दिवसाही दिसतील. कोणी तरी थुंकलंय किंवा साबण उडालाय असं समजून लोक काठीने पाडतात, ते बघून जीव तुटतो.

चापडा दिसेल. मलबारी चापडा हा विषारी साप. कधी हिरवा, कधी तपकिरी, कधी पिवळट. कमरेएवढ्या उंचीच्या फांदीवर तो तासन् तास हलत नाही, बेडूक टप्प्यात यायची वाट बघतो. हात लांब ठेवा, झुडपाला टेकू नका. तुमच्या वाटाड्याने फोटोसाठी काठीने त्याला हलवलं, तर स्पष्ट शब्दांत नको म्हणा.

आणि आंबोली टोड. बोटाच्या दोन पेरांएवढा भेक, अंगावर पिवळे पट्टे, म्हणून शास्त्रीय नावात वाघ आहे: झँथोफ्रीन टायग्रिना. २००९ साली ही वेगळी जात म्हणून नोंदली गेली. आंबोली-चौकुळ परिसराबाहेर तो जवळजवळ नाहीच. जांभ्या दगडाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, पावसाने साचलेल्या उथळ डबक्यांत त्याची वीण होते, ती डबकी आटायच्या आत पिल्लांना मोठं व्हावं लागतं. हे भेक रात्री डांबरी रस्त्यावर येतात आणि गाड्यांखाली मरतात. म्हणून मनापासून विनंती: अंधार पडल्यावर, विशेषतः चौकुळच्या रस्त्याला, गाडी काढू नका. काढावीच लागली तर अगदी हळू चालवा आणि शेजारी बसलेल्याने नजर रस्त्यावर ठेवावी. जगात एका छोट्या पट्ट्यात उरलेला जीव आपल्या फिरायला जाण्यापायी चिरडला जाऊ नये.

यातलं सगळ्यात निराळं म्हणजे चमकणारी बुरशी. भिजून कुजलेल्या लाकडावर ती वाढते आणि स्वतःचा मंद हिरवट उजेड देते. काजव्यासारखाच हा रासायनिक उजेड, फक्त उघडझाप नाही. इंटरनेटवर जे लखलखीत हिरवे फोटो दिसतात ते कॅमेऱ्याची झडप बराच वेळ उघडी ठेवून काढलेले असतात. डोळ्यांना ती त्याहून फिकी दिसते. त्यासाठी सगळ्या टॉर्च बंद करून, मोबाइल खिशात घालून काही मिनिटं अंधारात नुसतं उभं राहावं लागतं. पहिली दोन-तीन मिनिटं काहीच दिसत नाही. मग एखादा ओंडका हळूहळू उमटायला लागतो. माझा नवरा एरवी दर पाच मिनिटांनी फोन बघणारा माणूस, पण तिथे तो माझा हात धरून एक शब्द न बोलता उभा राहतो. तुम्ही विचारलेली शांतता मला कुठे मिळाली असं विचाराल तर मी हेच ठिकाण सांगेन. बुरशी प्रत्येक रात्री, प्रत्येक जागी असेलच असं नाही, वाटाड्याला आधी विचारा.

सोमवारी सकाळी लवकर उठा. साडेपाच-सहाच्या सुमाराला शीळकरी कस्तूर गायला लागतो. झाडीत कुणी तरी माणूस आरामात, सूर न सांभाळता शीळ घालत चाललाय असंच वाटतं. तोंड धुऊन आधी मुख्य धबधब्यावर जा. हो, त्याच. सोमवारी सकाळी साडेसहाला तिथे स्टॉलसुद्धा उघडलेले नसतात. ज्याच्यामुळे लोक आंबोलीला नावं ठेवतात तो धबधबा किती देखणा आहे, ते तेव्हा कळतं. पायऱ्या शेवाळलेल्या असतात, चपला घालून चढू नका.

तिथून हिरण्यकेशी. महादेवाचं देऊळ, मागे गुहा आणि त्या गुहेतून बाहेर येणारं पाणी. हीच हिरण्यकेशी नदी पुढे आजरा, गडहिंग्लजवरून वाहत जाऊन घटप्रभेला मिळते. घटप्रभा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. कड्यापलीकडे पडलेला पाऊस मात्र कोकणात उतरून अरबी समुद्रात जातो. दोन समुद्रांकडे जाणारी पाणी एका गावात वेगळी होतात, हे तिथे उभं राहून बघताना मला अजून भारी वाटतं. देवळाच्या कुंडात एक छोटा रंगीत मासा राहतो. २०२० साली तो नवीन जात म्हणून जगासमोर आला आणि त्याला नदीचंच नाव मिळालं, शिस्टुरा हिरण्यकेशी. त्याच्यामुळे राज्य सरकारने २०२१ मध्ये या दोन हेक्टरांच्या जागेला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केलं. पाण्यात पाय सोडू नका, साबण-तेल काही नको, माशांना पाव-बिस्किटं घालू नका. काठावर बसलात तर तासभर कसा जातो कळत नाही.

कावळेसाद पॉइंटबद्दल विचारलं नाहीत, पण सगळे जातात म्हणून सांगते. गेळे गावच्या हद्दीत कड्यावरून पडणारं पाणी वारा उलटा वर फेकतो आणि तुम्ही खालून आलेल्या पावसाने भिजता. बघण्यासारखं आहे यात शंका नाही. मात्र धुक्यात कडा कुठे संपतो ते दिसत नाही, वारा माणसाला ढकलतो आणि तिथे जीव गेलेले आहेत. कठड्याच्या आत थांबा. फोटोसाठी एक जण कठड्यापलीकडे आणि दुसरा मागे सरकत मोबाइल धरून, हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि ओरडलेही आहे. सोमवारी दहाच्या आत जाऊन या.

एवढं झालं की बास. महादेवगड, नारायणगड, शिरगावकर पॉइंट अशी यादी कोणी हातात देईल. जुलैत ती पूर्ण करायची धडपड करू नका. दोघांनी गेल्यावर सारखं गाडीत चढ-उतर करण्यात मजा नाही. दुपारी पडवीत बसा. चौकुळच्या रस्त्याला पायी फिरा, कडेला सापकांद्याची फुलं दिसतील, नागाच्या फण्यासारखी वळलेली. नाही काही बोललात एकमेकांशी तरी चालतं.

तीनच्या सुमाराला निघालात तर अंधाराच्या आत निपाणी गाठाल. वाटेत आजऱ्यात घनसाळ तांदूळ घ्या. वास येणारा, छोट्या दाण्याचा, २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेला. ओळखीच्या दुकानातून किंवा थेट शेतकऱ्याकडून मिळाला तर उत्तम, कारण त्या नावाने दुसराही खपवतात.

सोमवारची रजा मिळतच नसेल तर? मग शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघू नका, रात्री धुक्यात ते रस्ते नकोत. शनिवारी पहाटे पाचला निघा, आठ-साडेआठला हिरण्यकेशीवर असाल. दुपारी बारा ते पाच मुक्कामाच्या जागेवर आराम, शनिवारी रात्री जंगलफेरी, रविवारी सकाळी साडेसहाला धबधबा आणि न्याहारी करून दहाच्या आत परतीचा रस्ता. सुट्टी अर्ध्या दिवसाने कमी होईल, पण गर्दी चढत असताना तुम्ही उतरत असाल.