एका दिवसात जेरुसलेम, आईला घेऊन काय काय बघता येईल?

प्रश्न: आम्ही कोथरूडचे, ग्रुप टूरने चाललोय, जेरुसलेमला एक अख्खा दिवस मोकळा आहे. टूरवाला म्हणतो बेथलेहेम, मसाडा, मृत समुद्र आणि जुनं शहर सगळं एका दिवसात उरकून टाकू. आई 68 वर्षांची, गुडघे दुखतात. आम्ही ख्रिश्चन नाही पण इतिहासाचं वेड आहे. काय करावं?

उत्तर: उरकून टाकू म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा. मृत समुद्र आणि मसाड्याच्या किल्ल्याच्या नादी लागलात तर अर्धा दिवस बसमध्येच जाईल. जुनं शहर जेमतेम 1 चौरस किलोमीटर आहे, पण नीट बघायला दिवस पुरत नाही, तेवढंच धरा.

सकाळी तुम्ही जुन्या शहराच्या तटाबाहेर लगेचच असलेल्या, यहूदाचा राजा हिज्कीया याच्या बोगद्यात जा, आईंना नको, कारण आत पाणी आहे, कुठे कुठे मांडीपर्यंत, अंधार, आणि एका वेळी एकच माणूस जाईल एवढी वाट. अ‍ॅसिरियाचा राजा सन्हेरीब चालून येणार म्हणून सुमारे 2,700 वर्षांपूर्वी हिज्कीयाने गीहोन झऱ्याचं पाणी तेव्हाच्या तटाच्या आत आणायला 533 मीटर खडक फोडला, तोही दोन्ही टोकांनी एकदम, वाट नागमोडी असूनही दोन्ही बाजूंचे खोदणारे मधे येऊन भेटले! दोन टोकांच्या उंचीत फरक जेमतेम फूटभर. पलीकडच्यांच्या हाका खडकातून ऐकू आल्या असं तिथल्या शिलालेखातच लिहिलंय, तो 1880 मध्ये सापडला, आता इस्तंबूलच्या म्युझियममध्ये आहे. कात्रजहून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून पाणी आणलेल्या गावच्या माणसाने हे बघितलंच पाहिजे असं मला मनापासून वाटतं. मराठी बायबलात 2 राजे, अध्याय 20, वचन 20 निघायच्या आधी वाचून जा, एकच ओळ आहे. टॉर्च आणि भिजले तरी चालतील असे सँडल घ्या.

तेवढ्या वेळ घरचं कोणीतरी आईंबरोबर ज्यूंच्या पवित्र पश्चिम भिंतीपाशी थांबा, तिथे बसायला खुर्च्या असतात. बायका-पुरुषांचे भाग वेगळे, पुरुषांनी डोकं झाकायचं. भिंतीच्या खालच्या सात ओळींचे दगड नीट बघा, प्रत्येकाच्या कडेने छिन्नीने घासलेली सपाट पट्टी दिसेल, ते हेरोद राजाच्या काळचे, वरचे लहान दगड नंतरचे. ज्यूंचं मंदिर रोमनांनी इ.स. 70 मध्ये पाडलं, त्याच्या आवाराचा हा आधार तेवढा राहिला.

दुपारी पवित्र कबरेचं, म्हणजे येशूच्या कबरेचं चर्च. दारातून आत गेलं की समोरच एक लांब गुळगुळीत शिळा आहे, क्रुसावरून उतरवलेला येशूचा देह इथे ठेवला अशी श्रद्धा, लोक गुडघे टेकून तिला रुमाल लावतात, आताची शिळा 1810 ची आहे पण भाव जुनाच. चर्च सहा पंथांचं आणि दाराच्या किल्ल्या पिढ्यानपिढ्या मुसलमान घराण्यांकडे! येशूला क्रुसावर दिलं त्या गोलगोथ्याचा जिना मात्र उभा आहे, आईंना खालीच थांबवा.

शुक्रवार-शनिवार टाळा, शब्बाथमुळे, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवसामुळे, बोगदा शनिवारी बंद असतो आणि शुक्रवारी लवकर बंद होतो, सोनेरी घुमटाच्या मुसलमानांच्या पवित्र आवारातही त्या दोन दिवशी बिगर-मुसलमानांना जाता येत नाही. आणि तिकिटाचे पैसे भरण्याआधी परराष्ट्र खात्याची सूचना बघा, तिकडची परिस्थिती पटकन बदलते.