प्राध्यापकीचा सल्ला : तासिका की पूर्णवेळ?

प्रश्न : मी एम.कॉम., सेट (प्राध्यापकीची राज्यस्तरीय पात्रता परीक्षा) उत्तीर्ण. वाशीच्या एका अनुदानित महाविद्यालयात सीएचबीवर (क्लॉक अवर बेसिस, म्हणजे तासांप्रमाणे मानधन) तासिका मिळताहेत. घोडबंदर रोडच्या एका विनाअनुदानित महाविद्यालयात पूर्णवेळ बोलावलंय, पण पगार एकत्रित (वेतनश्रेणी नाही, ठोक रक्कम) आणि तुटपुंजा. पुढे कायम व्हायचं असेल तर काय धरावं? (वाचक, कळवा)

उत्तर : पगाराआधी नेमणुकीला विद्यापीठाची मान्यता मिळणार का, ते विचारा. मुलाखतीला विद्यापीठाने नेमलेले विषयतज्ज्ञ असणार आहेत की फक्त महाविद्यालयाची स्वतःची, म्हणजे स्थानिक समिती? स्थानिक निवडीला मान्यता मिळाली तरी ती बहुधा त्या शैक्षणिक वर्षापुरतीच असते. घोडबंदरची जागा रीतसर जाहिरात, पूर्ण निवड समिती आणि मान्यता अशा क्रमाने भरली जाणार असेल, तर कमी पगारातही ती घ्यावी. 'आधी रुजू व्हा, अप्रूव्हलचं नंतर बघू' असं उत्तर आलं, तर वाशीच्या तासिकाच बऱ्या. निदान अभ्यासाला वेळ उरेल.

'अनुदानित महाविद्यालय' या शब्दांवर विसंबू नका. एकाच इमारतीत बी.कॉम.ची तुकडी अनुदानित आणि बीएमएस (व्यवस्थापन), बीएएफ (अकाउंटिंग-फायनान्स) सेल्फ फायनान्स, म्हणजे विनाअनुदानित, हे ठाणे-नवी मुंबईत सर्रास आहे. सातव्या वेतन आयोगाचं ५७,७०० मूळ वेतन शासनाकडून मिळतं ते फक्त अनुदानित मंजूर पदाला. त्या पदासाठी रोस्टर (आरक्षणाची बिंदुनामावली) तपासून घ्यावं लागतं आणि उच्च शिक्षण विभागाची एनओसीही लागते, म्हणून अशा जाहिराती वर्षानुवर्षं अडून मग एकदम येतात. शिवाय बीएमएसचं पद व्यवस्थापन विषयाखाली असेल, तर वाणिज्यातली सेट मान्यतेच्या वेळी अडू शकते. जाहिरातीतला विषय आणि सेटच्या प्रमाणपत्रावरचा विषय शेजारी ठेवून बघा.

तासिका घेतल्याच तर मोजणी कशी होते ते पहिल्याच दिवशी विचारा. कुठे लेक्चर मोजतात, कुठे घड्याळी तास. लेक्चर ४८ मिनिटांचं असेल तर पाच लेक्चरचे चारच तास होतात. सकाळी ७.२० चं एक आणि ११ चं एक असं वेळापत्रक आलं, तर मधला वेळ बिनपगारी जातो. दोन्ही तासिका लागून मागाव्यात, ट्रान्स हार्बरने जाऊन-येऊन करणाऱ्याने तर नक्कीच.

आता गुणांचं. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत महाविद्यालयीन सहायक प्राध्यापकांच्या छाननीचा १०० गुणांचा तक्ता आहे. पीएच.डी.ला २५, जेआरएफसह (संशोधनाची शिष्यवृत्ती) नेटला (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) १०, नेटला ८, सेटला ५. अनुभवाला वर्षामागे २, जास्तीत जास्त १०. म्हणजे पाच वर्षांच्या नोकरीपेक्षा पीएच.डी. कितीतरी जड पडते. हे गुण मुलाखतीला बोलावण्यापुरतेच, निवड मुलाखतीवर होते. पुढे पदोन्नतीसाठी मागची सेवा धरायची तर पात्रता, रीतसर निवड समिती आणि नियमित शिक्षकाएवढा पगार, तिन्ही दाखवावं लागतं. गेस्ट लेक्चररची सेवा त्यात धरत नाहीत.

नेमणूक आदेश, मान्यतेचं पत्र, दरवर्षीचं वर्कलोड (शिकवलेल्या तासांचा तक्ता) आणि पगार जमा झालेलं बँक स्टेटमेंट एका फायलीत ठेवा. संस्था सोडल्यावर ही पत्रं मागायला गेलं की हेलपाटे पडतात.

प्रश्न : एम.ए. इंग्रजी आहे. नेटमध्ये 'फक्त पीएच.डी. प्रवेश' असा निकाल आला. अर्ज करता येईल का? (वाचक, नेरूळ)

उत्तर : त्या निकालावर नाही. जून २०२४ पासून नेटचे तीन गट पडतात आणि तिसऱ्या, म्हणजे तुमच्या 'फक्त पीएच.डी. प्रवेश' गटाला सहायक प्राध्यापक पदाची पात्रता मिळत नाही. पुन्हा नेट द्या, सोबत सेटही द्या. महाराष्ट्र-गोव्याची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं : दोन पेपर, ३०० गुण, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, वयाची अट नाही.

पात्र झाल्यावर फक्त कला महाविद्यालयांकडे पाहू नका. तुमच्या नेरूळमध्येच रामराव आदिक, तेरणा, एसआयईएस अशी अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, आणि तिथे कम्युनिकेशन स्किल्स शिकवायला इंग्रजीचे लोक लागतात. इंजिनिअरला तिथे नेट लागत नाही, इंग्रजीच्या शिक्षकाला लागते.

अर्जाची मुदत बहुधा जाहिरातीपासून १५ दिवस असते. मार्कशीटच्या प्रती आधीच काढून ठेवा आणि शिक्षणात खंड असेल तर त्याचा खुलासा अर्जातच लिहा. राखीव जागेसाठी अर्ज असेल तर विद्यापीठात राखीव जागांचं काम पाहणाऱ्या कक्षाला वेगळ्या प्रती पाठवायला सांगितलंय का, ती बारीक अक्षरातली ओळ वाचा.