नवीन सेमी-ऑटोमॅटिक रायफलमध्ये राऊंड चेंबरमध्ये पूर्ण बसत नाही, दोष कसा शोधावा?

आपण लिहिले आहे की, टेक्सासमध्ये आपण नुकतीच एआर-१५ पद्धतीची नवी रायफल घेतली. पहिला राऊंड (काडतूस) कधी बसतो, कधी बसत नाही, आणि पुढच्या राऊंडना मागून चेंबर बंद करणारा बोल्ट अगदी थोडक्यासाठी अडतो व तळहाताने ढकलावा लागतो. दुकानदाराने सांगितले की, दोनशे राऊंड चालवा, रायफल आपोआप रुळेल. मी इंदूरचा. माझी नोकरी एका दलाच्या कोतमध्ये (शस्त्रागारात) आर्मरर, म्हणजे शस्त्रे दुरुस्त करणारा, म्हणून झाली, आणि माझ्या हाताखालून गेल्या त्या मुख्यतः एसएलआर आणि इन्सास या रायफली. आपल्या रायफलमध्ये गॅस थेट नळकांडीतून मागे बोल्ट कॅरियरमध्ये जातो, इन्सासमध्ये तो पिस्टनला ढकलतो. तरी दोन्हींचा बोल्ट फिरूनच लॉक होतो, आणि मॅगझीनच्या ओठांतून सुटून चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसते त्या जागेत, शिरेपर्यंत राऊंडची वाटही सारखीच असते. त्या वाटेबद्दल मी खात्रीने बोलू शकतो.

दुकानदाराचे म्हणणे अर्धेच खरे आहे. नव्या रायफलचे घासणारे भाग काही राऊंडनंतर गुळगुळीत होतात आणि चाल सैल होते, हे मान्य. पण जो राऊंड हाताने ढकलल्याशिवाय बसत नाही, तो का बसत नाही हे न पाहता आणखी राऊंड चालवणे मला पटत नाही. आमच्याकडे रोक आली, म्हणजे रायफल अडली, की काय करावे याची जवानाला पहिली गोष्ट शिकवतात ती फौरी इलाजाची, म्हणजे तात्काळ उपायाची, कारण तिथे वेळ नसतो. आपल्याकडे वेळ आहे. त्या वेळेचा उपयोग एकाच गोष्टीसाठी करावा: बोल्ट जिथे थांबला आहे, तिथेच त्याला राहू देऊन राऊंड नेमका कुठे अडला आहे ते पाहणे.

पाहण्याची रीत अशी. रायफल रेंजवर, नळी बटाकडे (निशाणामागच्या मातीच्या भिंतीकडे), बोट ट्रिगरपासून दूर, सेफ्टी लागत असेल तर लावलेली. हॅमर चढलेला नसेल तर या जातीच्या रायफलची सेफ्टी बहुधा लागतच नाही, म्हणून नळीच्या दिशेवर सारी भिस्त ठेवावी. इजेक्शनच्या खिडकीतून टॉर्चने आत पाहावे. मग मॅगझीन काढावे आणि त्यानंतरच बोल्ट मागे ओढून अडकवावा. हा क्रम उलटला तर मॅगझीनमधला पुढचा राऊंड वर येतो आणि एकाऐवजी दोन राऊंडांची अडचण होते. शेवटी चेंबर डोळ्यांनी पाहावे आणि करंगळीने चाचपावे. राऊंड चेंबरमध्ये घट्ट रुतला असेल आणि बोल्ट मागे ओढण्याचे हँडल ओढूनही निघत नसेल, तर नळीच्या तोंडातून सळई घालून त्याला मागे ठोकण्याचा विचारसुद्धा करू नये. तसेच ठेवून रेंजच्या अधिकाऱ्याला बोलवावे.

आता राऊंड कुठे थांबला त्यावरून काय समजते ते सांगतो. बोल्ट राऊंडच्या वरूनच निघून गेला आणि चेंबर रिकामे राहिले, तर एकतर मॅगझीन पूर्ण बसलेले नाही, किंवा बोल्ट पुरेसा मागे गेलाच नाही. गोळीचे नाक चेंबरच्या तोंडाशी, उतारावर किंवा वरच्या कडेला टेकून राहिले असेल, तर संशय मॅगझीनचे ओठ, त्याची स्प्रिंग आणि आपला हात यांच्यावर घ्यावा. राऊंड अर्धा-पाऊण आत जाऊन घट्ट झाला, तर चेंबर किंवा काडतूस. आणि आपण वर्णन केले आहे तसे, म्हणजे राऊंड जवळजवळ आत आहे, बोल्ट अगदी थोडा मागे आहे आणि फिरून लॉक झालेला नाही, तर कारणे बरीच निघू शकतात: कोरडी किंवा चिकट चाल, एक्सट्रॅक्टरचे (खोळ बाहेर ओढणाऱ्या भागाचे) नख राऊंडच्या कडेवर न चढणे, लगांच्या (बोल्टला लॉक करणाऱ्या दातांच्या) खाचांत अडकलेला पितळेचा कण, किंवा काडतुसाचा खांदा (खोळ मानेकडे निमुळती होते तो भाग) ठरलेल्या मापापेक्षा पुढे असणे.

आपण हँडल कसे सोडता, हे मला इथूनच विचारावेसे वाटते. पहिला राऊंड कधी बसतो, कधी बसत नाही, यात हाताचा दोष पुष्कळदा निघतो. नवी वस्तू म्हणून माणूस हँडल जपून, हाताने धरून पुढे नेतो. तसे करू नये. पूर्ण मागे ओढून बोटे मोकळी सोडावीत, म्हणजे स्प्रिंगची सगळी ताकद राऊंडला मिळते. शेवटच्या टप्प्यात एक्सट्रॅक्टरला कडेवर चढायला आणि बोल्टला फिरायला तीच ताकद लागते. जोराने सोडूनही पहिला राऊंड अडत असेल, तर गॅसचा त्यात काही संबंध नाही, कारण पहिला राऊंड आपण हाताने भरला आहे. उलट पहिला नीट बसून फक्त फायर झाल्यानंतरचे अडत असतील, तर गॅस आणि बोल्टचा प्रवास तपासावा लागेल. दोष शोधण्याचे निम्मे काम या एका भेदाने होते.

मॅगझीनवर मी सर्वांत आधी संशय घेतो, कारण रायफलमध्ये सर्वांत स्वस्त, सर्वांत जास्त हाताळला जाणारा आणि सर्वांत लवकर बिघडणारा भाग तोच असतो. आपल्याजवळ एकच मॅगझीन असेल तर वेगळ्या बनावटीचे एक चांगले मॅगझीन मिळवावे आणि दोन्हींवर पेन्सिलीने खूण करावी. तीस राऊंडच्या नव्या मॅगझीनमध्ये तीसच भरले की वरचा राऊंड बंद बोल्टच्या तळावर दाबून बसतो, मॅगझीन पूर्ण वर चढत नाही, आणि खटका लागला असे वाटूनही लागलेला नसतो. म्हणून अठ्ठावीस भरणारे लोक पुष्कळ आहेत आणि ते बरोबर करतात. मॅगझीन चढवल्यावर ते खाली ओढून पाहावे. चाचणीसाठी तर पाचच राऊंड भरावेत. एका मॅगझीनने दोष येतो आणि दुसऱ्याने येत नाही, असे दिसले तर शोध तिथेच थांबला.

त्यानंतर साफसफाई. कारखान्यातून येणाऱ्या रायफलला गंज लागू नये म्हणून जे तेल किंवा ग्रीस लावलेले असते, ते साठवणुकीसाठी असते, चालवण्यासाठी नसते. ते सगळे पुसून काढावे. चेंबर आणि त्यामागच्या लगांच्या खाचा यांसाठी या रायफलचा वेगळा चेंबर ब्रश मिळतो; तो फिरवून झाल्यावर कोरड्या चिंदीने चेंबर पुसावे आणि चिंदी बाहेर काढून उजेडात पाहावी. नव्या रायफलमध्येही तिच्यावर नळी कापतानाची बारीक चमकती कीस मी पाहिलेली आहे. बोल्ट, कॅम पिन आणि कॅरियरच्या घासणाऱ्या पट्ट्या यांना मात्र सढळ हाताने तेल द्यावे, कारण थेट गॅसवर चालणारी रायफल कोरडी ठेवली की हमखास अडते. चेंबर कोरडेच राहिले पाहिजे. तेलकट चेंबरमध्ये काडतुसाच्या भिंती धरून राहत नाहीत आणि बोल्टवर जास्त जोर येतो.

इथे एक विचारून ठेवतो. आपण मराठी माणसे नवी वस्तू घरी आली की हळद-कुंकू लावतो, अक्षता वाहतो. आमच्या कोतमध्येही खंडेनवमीला रायफली ओळीने मांडून, झेंडूची फुले वाहून पूजा होत असे, आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक रायफल उघडून पुसण्याचे काम आर्मररकडे येत असे. तेलावर बसलेले कुंकू चाळणीतून पडल्यासारखे आत उतरते आणि एक्सट्रॅक्टरच्या खालच्या खोबणीत जाऊन बसते. अक्षतेचा एक तुकडा लगांच्या खाचेत असला तर बोल्ट बरोबर आपण लिहिले आहे तेवढाच अडतो. पूजा करायची असेल तर अवश्य करावी, पण खिडकी बंद आणि नळीच्या तोंडाला टोपी लावून.

आता काडतूस. नळीवर काय कोरले आहे ते वाचावे आणि डब्यावरच्या, तसेच काडतुसाच्या तळावरच्या अक्षरांशी ताडून पाहावे. .२२३ रेमिंग्टन आणि ५.५६ × ४५ ही काडतुसे बाहेरून सारखी दिसतात, पण ५.५६ चे चेंबर गोळीपुढे थोडी अधिक जागा ठेवून कापलेले असते आणि त्या काडतुसाचा दाबही जास्त असतो. म्हणून ५.५६ लिहिलेल्या नळीत .२२३ चालते, फक्त .२२३ लिहिलेल्या नळीत ५.५६ वापरू नये; .२२३ वाइल्ड असे लिहिले असेल तर दोन्ही चालतात. याहून धोक्याची गोष्ट .३०० ब्लॅकआउटची आहे. ते काडतूस याच जातीच्या खोळीपासून बनलेले आहे, त्याच मॅगझीनमध्ये भरले जाते, पण त्याची गोळी ७.६२ मिलिमीटरची असते. ती बहुधा पूर्ण बसत नाही, आणि जोर लावून बसवली तर फायर होताच रायफल फुटू शकते. मित्राकडून उसने घेतलेले किंवा रेंजवर मिसळलेले राऊंड असतील तर एकेक तळ वाचल्याशिवाय मॅगझीनमध्ये भरू नयेत.

पुन्हा भरलेली काडतुसे नव्या रायफलच्या चाचणीत वापरू नयेत. त्यांचा खांदा नीट मागे दाबलेला नसेल, तर बोल्ट नेमका शेवटच्या थोडक्यात थांबतो आणि दोष नसलेल्या रायफलवर आळ येतो. पोलादी खोळीची स्वस्त काडतुसेही आधी बाजूला ठेवावीत. एका चांगल्या कंपनीची पितळी, कारखान्यात भरलेली काडतुसे घ्यावीत आणि त्यांच्यावरच निर्णय करावा.

अडलेला राऊंड फेकून देऊ नये, तो पुष्कळ सांगतो. बाहेर काढून उजेडात हळूहळू फिरवावा. तळाच्या मधल्या प्रायमरवर (पेट घेणाऱ्या टिकलीवर) टाचणीच्या टोकाएवढी बारीक खूण दिसेल. या रायफलची फायरिंग पिन मोकळी असते आणि बोल्ट बंद होताना ती हलकेच टेकते, तेव्हा तिला घाबरण्याचे कारण नाही. पण गोळीच्या गोलाईवर चारही बाजूंनी सारख्या अंतरावर चकचकीत कडी उमटली असेल, तर गोळी नळीच्या आतल्या आट्यांना (पिळदार खोबणींना) आधीच टेकते आहे. खांद्यावर घासल्याची खूण असेल तर माप तिथे अडते आहे. खूण स्पष्ट दिसत नसेल तर नवा राऊंड काळ्या मार्करने रंगवावा, वाळू द्यावा, रेंजवरच नळी बटाकडे ठेवून चेंबरमध्ये सोडावा आणि काढून पाहावा. जिथे रंग निघाला, तिथे स्पर्श झाला. एकदा असा अडकून निघालेला राऊंड पुन्हा पुन्हा भरू नये, कारण गोळी खोळीत मागे दबते आणि दाब वाढतो.

चेंबर पारखण्याची दुसरी साधी रीत म्हणजे वरचा भाग वेगळा करून, बोल्ट कॅरियर पूर्ण बाहेर काढून, नळी खाली धरून राऊंड चेंबरमध्ये अलगद सोडणे. तो स्वतःच्या वजनाने आत गेला पाहिजे आणि नळी वर करताच स्वतःच्या वजनाने बाहेर आला पाहिजे. हे रेंजवरच करावे. ड्रिल काडतूस (सरावाचे, न उडणारे) असेल तर घरीही चालेल. अनेक चांगल्या राऊंडपैकी एकही असा सुटत नसेल, तर चेंबर तंग किंवा अपुरे कापलेले आहे, आणि त्याचा निकाल हेडस्पेस गेजने (चेंबरची खोली तपासणाऱ्या मापाने) गनस्मिथने लावायचा.

राहिला गॅस. मॅगझीनमध्ये एकच राऊंड भरून फायर करावा. बोल्ट मागे अडकून राहिला तर प्रवास पुरेसा आहे. पुढे बंद झाला आणि रिकामी खोळ पायाशीच पडली, तर प्रवास अपुरा आहे; मग कॅरियरवर गॅस आत घेणाऱ्या गॅस कीचे स्क्रू ढिले आहेत का आणि गॅस ब्लॉक सरकला आहे का, हे तपासून घ्यावे.

उजव्या बाजूचे, बोल्ट पुढे ढकलणारे फॉरवर्ड असिस्टचे बटण मात्र राऊंड ठोकून बसवण्यासाठी वापरू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. अमेरिकी हवाई दलाच्या सुरुवातीच्या एम-१६ वर ते नव्हते. लष्कराच्या आग्रहाने ते आले आणि १९६७ मध्ये स्वीकारलेल्या एम-१६ए१ वर कायम झाले. सैनिकाला लढाईत त्याची गरज वाटणे मी समजू शकतो. रेंजवर बसलेल्या माणसाला ती गरज नाही. जो राऊंड जात नाही म्हणतो, त्याला ठोकून आत घातले की तो बाहेर येत नाही म्हणतो, आणि मग जिवंत काडतूस चेंबरमध्ये घट्ट बसलेली रायफल हातात राहते.

चांगले मॅगझीन, चांगली काडतुसे, पुसलेले चेंबर, तेल दिलेला बोल्ट आणि मोकळे सोडलेले हँडल, एवढे सगळे करूनही बोल्ट अडत असेल, तर कानस, सॅंडपेपर, ड्रिलला लावलेला ब्रश यांपैकी कशालाही हात लावू नये. चेंबरमधून घासून काढलेले लोखंड परत लावता येत नाही, आणि कंपनीची हमीही त्याच क्षणी संपते. भारतातून हे वाचणाऱ्यांसाठी सांगतो की, आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे शस्त्रदुरुस्तीचा व्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही, आणि सेमी-ऑटोमॅटिक रायफलबाबत नियम फार कडक आहेत; ओळखीच्या कारागिराकडे गुपचूप नेण्याचा मार्ग कोणी धरू नये.

आपण रायफल कंपनीकडे परत पाठवताना फक्त "राऊंड बसत नाही" असे लिहू नये. राऊंड कुठे थांबतो, हाताने भरलेला थांबतो की फायरनंतरचा, कोणत्या खुणेचे मॅगझीन होते, डब्यावरचा लॉट क्रमांक काय होता, हे लिहावे, अडलेल्या स्थितीचे खिडकीतून काढलेले छायाचित्र जोडावे आणि खुणावलेले मॅगझीनही सोबत पाठवण्याची तयारी दाखवावी. काडतुसे मात्र रायफलच्या पेटीत घालू नयेत.