मॅन्युअल घेऊ की ऑटोमॅटिक? स्पोर्ट्स कारवाल्यांचे प्रश्न

प्रश्न: नमस्कार भाऊ. मी नागपूरला धरमपेठेत राहतो, वय ४१, स्वतःचा बिझनेस आहे. घरी एक ऑटोमॅटिक एसयूव्ही आहे, ती मी आणि बायको दोघंही चालवतो. बऱ्याच वर्षांपासून बीएमडब्ल्यू एम२ डोक्यात होती, आता जमून राहिलं. सेल्समन म्हणतो ऑटोमॅटिकच घ्या, मॅन्युअल विकताना त्रास होईल. मित्र म्हणतात एवढे पैसे घालून ऑटोमॅटिक घेतली तर काय फायदा. गाडी रोज काढणार नाही, रविवारी सकाळी आणि कधी बाहेरगावी, बस. काय घेऊ?

उत्तर: भाऊ, तुम्ही मॅन्युअल घ्या. रोजच्या कामाला दुसरी गाडी घरी आहे आणि ही गाडी तुम्ही फक्त चालवायच्या आनंदासाठी घेऊन राहिले, तर मग माझं उत्तर दुसरं काही असूच शकत नाही. पण मित्र सांगतात त्या कारणासाठी घेऊ नका, कारण मॅन्युअल म्हणजे जास्त फास्ट हे आता खरं राहिलेलं नाही.

आकडेच बघा ना. २०२४ च्या शेवटी जी सुधारलेली एम२ आली तिचं इंजिन दोन्हीत तेच, ३ लिटर, सहा सिलिंडर, ४८० एचपी. पण ऑटोमॅटिकला टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, ६०० एनएम दिला आणि मॅन्युअलला ५५०. शून्य ते शंभर ऑटोमॅटिक ४ सेकंदात जाते, मॅन्युअल ४.२ मध्ये. पोर्शच्या ९११ जीटी३ च्या ९९२ पिढीत तर फरक याहून मोठा होता, पीडीके (पोर्शचा दोन क्लचवाला ऑटोमॅटिक) ३.४ सेकंद आणि मॅन्युअल ३.९. आणि हे आकडेसुद्धा कंपनीच्या तयार ड्रायव्हरचे, आपल्यासारख्याचा एक गियर जरी सावकाश पडला तरी आणखी अर्धा सेकंद कुठे जातो कळत नाही. ऑटोमॅटिकला रोज, दरवेळी, तेवढाच वेळ लागतो.

रेसिंगवाल्यांना हे केव्हाच कळलं होतं. १९८९ मध्ये ब्राझीलच्या ग्रां प्रीत नायजेल मॅन्सेलने फेरारी ६४० जिंकवली, स्टीयरिंगमागच्या पॅडलने गियर टाकणाऱ्या गाडीची फॉर्म्युला वनमधला तो पहिला विजय. १९९७ मध्ये फेरारीने तेच पॅडल एफ३५५ मधून रस्त्यावर आणलं, आणि २००९ च्या ४५८ मध्ये तर मॅन्युअलचा पर्यायच ठेवला नाही. पोर्शने २०१३ च्या जीटी३ मध्ये फक्त पीडीके दिला, तर लोकं एवढी नाराज झाली की २०१६ मध्ये ९११ आर काढावी लागली, फक्त मॅन्युअल, फक्त ९९१ गाड्या, आणि २०१७ मध्ये जीटी३ ला मॅन्युअलचा पर्याय परत आला. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. जी लोकं ट्रॅकवर सेकंदाचे तुकडे मोजतात त्यांनीच हळू असलेला गियरबॉक्स परत मागून घेतला, कारण त्यांना गाडीत काहीतरी करायचं होतं, नुसतं बसून राहायचं नव्हतं.

ते "काहीतरी" काय असतं ते सांगतो. समजा तुम्ही परतवाड्यावरून चिखलदऱ्याचा घाट चढून राहिले. चौथ्यात आहात, पुढे एकदम घट्ट वळण, दुसरा लागणार. उजव्या पायाचा चवडा ब्रेकवर, डाव्याने क्लच दाबला, हात गियर खाली ओढून राहिला, आणि त्याच वेळी उजव्या पायाची बाहेरची कड ॲक्सिलरेटरवर टेकवून एक छोटी रेस द्यायची, आरपीएम वर उचलला की क्लच सोडायचा. या सगळ्यात ब्रेकवरचा दाब हलायला नको, ही खरी मेहनत. जमलं तर दुसरा गियर लोण्यासारखा बसतो आणि गाडी वळणात शांत शिरते. नाही जमलं तर मागची चाकं क्षणभर अडकतात, आणि एम२ मागच्या चाकांवर चालणारी गाडी असल्यामुळे ओल्या रस्त्यावर शेपूट हलते. म्हणून सुरुवातीला घाटात हा प्रयोग करू नका. एम२ मध्ये गियर शिफ्ट असिस्टंट आहे, तो ही रेस आपोआप देतो. पहिले काही महिने तो चालूच ठेवा, मोकळ्या सरळ रस्त्यावर पायाला सवय लावा, मग बंद करून बघा. एक पूर्ण घाट असा नीट उतरलात की उतरल्यावर जो आनंद असतो ना, तो कोणताही ऑटोमॅटिक देत नाही. हे मी मनापासून सांगतो.

आता एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. नागपूरची बरीच मंडळी म्हणतात आम्ही समृद्धीवर जातो म्हणून मॅन्युअल पाहिजे. समृद्धीवर मॅन्युअलचा काही संबंधच येत नाही. शिवमडक्यावरून चढलात, सहावा टाकला, १२० ची मर्यादा धरली, की पुढे टोल येईपर्यंत डावा हात रिकामाच. तिथे दोन्ही गाड्या सारख्या, उलट आठ गियरचा ऑटोमॅटिक कमी आरपीएमवर आरामात जातो. तुम्हाला जे पाहिजे ते सावनेरच्या पुढे छिंदवाड्याकडे सिल्लेवानीच्या घाटीत मिळेल, तामियाकडे मिळेल, चिखलदऱ्याला मिळेल. आपल्या आजूबाजूला घाट जवळ नाहीत हे खरं आहे, त्यासाठी पहाटे निघावं लागतं. वर्षातून किती वेळा पहाटे निघाल हे स्वतःला खरं खरं विचारा. निघणार नसाल तर ऑटोमॅटिक घ्या आणि त्यात वाईट वाटून घेऊ नका, एम२ चा ऑटोमॅटिकसुद्धा टॉर्क कन्व्हर्टरवाला (क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा), दणकट आणि खूप हुशार गियरबॉक्स आहे.

विकण्याचं म्हणाल तर सेल्समन अर्धं बरोबर सांगतो. मॅन्युअल स्पोर्ट्स कारचे गिऱ्हाईक कमी असतात, वेळ जास्त लागतो. पण जो येतो तो नेमकं तेच शोधत येतो. दहा वर्षं ठेवणार असाल तर हा विचारच सोडा. आणि हो, गियर कोणताही घ्या, घराच्या गल्लीतले स्पीड ब्रेकर आणि पार्किंगचा उतार टेस्ट ड्राइव्हच्या गाडीने एकदा चढून-उतरून बघा, त्याचा पुढे रोज त्रास होतो.

प्रश्न: दादा, मी मनीषनगरला राहतो, नोकरी मिहानमध्ये, वय २८. सेकंडहँड व्हर्टस जीटी १.५ बघून राहिलो. २०२३ च्या दोन गाड्या मिळून राहिल्या, एक मॅन्युअल, एक डीएसजी (दोन क्लचवाला ऑटोमॅटिक). एकच गाडी घरात राहणार, कधीकधी बाबा पण चालवतील, त्यांचा डावा गुडघा दुखतो. डीएसजी नागपूरच्या उन्हात टिकत नाही असं सगळे सांगतात. खरं का?

उत्तर: बाबांचा गुडघा दुखतो ना, मग अर्धा निर्णय तिथेच झाला. डीएसजी बघ. पण घाबरून नको, समजून घे.

तुझ्या गाडीतला सात गियरचा डीएसजी ड्राय क्लचवाला आहे. आत दोन क्लच असतात, एकावर १, ३, ५, ७ हे गियर, दुसऱ्यावर २, ४, ६. तू दुसऱ्यात असतोस तेव्हा तिसरा आधीच लावून ठेवलेला असतो, फक्त एक क्लच सुटतो आणि दुसरा धरतो, म्हणून तो एवढा झटपट वाटतो. अडचण अशी की हे क्लच तेलात बुडालेले नसतात. मोठ्या ताकदीच्या गाड्यांत तेलातले क्लच देतात, तेल उष्णता घेऊन जातं. तुझ्यात ती सोय नाही. गाडी मुंगीच्या पावलाने सरकते तेव्हा क्लच पूर्ण धरत नाही, घासत राहतो, जसा मॅन्युअलवाला हाफ क्लचवर गाडी पेलून धरतो तसा, फक्त इथे ते काम कॉम्प्युटर करतो आणि तुला कळत नाही. खरी गरमी या घासण्यातून येते. मे महिन्यातलं ४५ अंशाचं ऊन ती गरमी बाहेर जाऊ देत नाही एवढंच.

म्हणजे गाडी टिकेल की नाही हे बरंचसं तुझ्या उजव्या पायावर आहे. संध्याकाळी व्हरायटी चौकात अडकलास तर पुढची गाडी दोन फूट सरकली की आपणही दोन फूट सरकायचं हे बंद कर. जागा होऊ दे, एकदम जा, पूर्ण थांब. थांबलास की ब्रेक नीट दाबून ठेव, अर्धवट नाही, ब्रेक दाबला की क्लच सुटतो. पुलाच्या चढावर थांबलास तर ॲक्सिलरेटरवर गाडी पेलून धरू नको, त्याने क्लचचं जेवढं नुकसान होतं तेवढं कशानेच होत नाही. वर्धा रोडवर डबल डेकर पुलावरून सरळ निघून जात असशील तर तुझं येणं-जाणं या गियरबॉक्सला चांगलंच आहे. सीताबर्डी, इतवारी, महालात रोज जात असतास तर मी वेगळा विचार केला असता.

घेताना थंड गाडी चालवून लगेच हो म्हणू नको. अर्धा तास गर्दीत फिरव, गरम होऊ दे, मग पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये हळू सरकताना थरथर येते का बघ. रिव्हर्स टाकल्यावर झटका बसतो का बघ. सर्व्हिसची पूर्ण हिस्ट्री माग, वॉरंटी किती शिल्लक आहे आणि पुढे वाढवता येते का ते लिहून घे. वॉरंटी नसेल तर गाडी कितीही चकाचक असू दे, सोडून दे, या गियरबॉक्सचा खर्च खिशातून करायचा नसतो.

मॅन्युअलवाली पण एकदा बघच, तुलनेसाठी. चौथ्या गियरमध्ये ४० च्या आसपास ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा. आरपीएम भरकन वर गेला पण वेग त्याच्यासोबत गेला नाही तर क्लच प्लेट संपत आली समज. पेडल अगदी वर आल्यावर गाडी उचलत असेल तरी तोच अर्थ. जळका वास आला तर बोलायलाच नको.

प्रश्न: पॅडल शिफ्टर असला तर ऑटोमॅटिकमध्ये मॅन्युअलचा मजा येतो का? (काटोल रोड)

उत्तर: थोडा येतो. गियर कधी बदलायचा हे तुम्ही ठरवता, पण बदलायचं काम तुम्ही करत नाही, आणि आरपीएम फार खाली गेला की बऱ्याच गाड्या तुमचं न ऐकता स्वतःच गियर बदलतात. उतारावर इंजिन ब्रेकिंगसाठी मात्र पॅडल जरूर वापरा. चिखलदऱ्यावरून खाली येताना डीमध्ये ठेवून सतत ब्रेक दाबत येणारे खूप दिसतात, खाली पोचेपर्यंत ब्रेकचा वास सुटलेला असतो. दोन गियर खाली घ्या, इंजिन गाडीला धरून ठेवेल.

प्रश्न: ताई-दादा जे कोणी असाल त्यांना नमस्कार. मी २३ वर्षांची, प्रतापनगरला राहते. ड्रायव्हिंग मी घरच्या ऑटोमॅटिकवरच शिकले, मॅन्युअल कधी हातात घेतलीच नाही. आता पहिली नोकरी लागली, आय२० एन लाइन आवडते. सगळे म्हणतात तू ऑटोमॅटिकच घे, तुला नाही जमणार. मला मॅन्युअल शिकायची खूप इच्छा आहे. शिकू का?

उत्तर: शिक ना! "नाही जमणार" म्हणणाऱ्यांचं ऐकू नकोस. ते सगळे कधीतरी चौकात गाडी बंद पाडूनच शिकलेत.

आधी गाडीबद्दल एक गोष्ट. सेकंडहँड बघत असशील तर साल नीट बघ. २०२१ ला एन लाइन आली तेव्हा त्यात आयएमटी होता, म्हणजे गियरचा दांडा आहे पण क्लच पेडल नाही. २०२३ च्या नव्या मॉडेलमध्ये खरा तीन पेडलचा सहा गियरचा मॅन्युअल आला, सोबत सात गियरचा डीसीटी (दोन क्लचवाला ऑटोमॅटिक) होताच. तुला मॅन्युअल घ्यायची तर या २०२३ च्या नव्या मॉडेलपासून पुढचीच बघ. १२० पीएसचं टर्बो इंजिन आहे, हाताळायला सोपं आणि मजा भरपूर.

शिकायला ड्रायव्हिंग स्कूलची जुनी छोटी गाडी घे, स्वतःच्या नव्या गाडीवर नको. पहिले दिवस ॲक्सिलरेटरला पाय लावूच नको. सपाट मोकळ्या जागेत पहिला गियर टाक, फक्त क्लच इतका सावकाश सोड की गाडी आपणहून हलायला लागेल. पेडल कुठे आलं की गाडी ओढायला लागते ती जागा पायाला कळली पाहिजे, डोक्याला नाही. हे पुन्हा पुन्हा कर, कंटाळा आला तरी कर. ते बसलं की बाकीचं आठवड्या-दोन आठवड्यात येतं.

मग सेमिनरी हिल्सवर सकाळी लवकर जा, वर्दळ नसते तेव्हा. चढावर थांब, हँडब्रेक ओढ, पहिला टाक, क्लच त्या जागेपर्यंत सोड, बॉनेट जरासं वर उचलल्यासारखं होईल, थोडी रेस दे आणि हँडब्रेक सोड. एन लाइनमध्ये हिल असिस्ट आहे, तो दोन-तीन सेकंद गाडी धरतो, पण स्कूलच्या गाडीत नसेल आणि नसलेलाच बरा. मागे कोणी हॉर्न वाजवला तर वाजवू दे, आरशात बघून गडबडू नकोस. गाडी बंद पडली तर आधी ब्रेक, मग क्लच, मग स्टार्ट, याच क्रमाने.

आणि टेस्ट ड्राइव्हला दोन्ही चालव, एकाच दिवशी, शक्यतो संध्याकाळी शंकरनगर चौकाच्या बाजूने. सीट इतकी पुढे घे की क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहील. त्यानंतर डीसीटी आवडला तर तो घे, पण मॅन्युअल शिकून मग घे.