वाचकांचे प्रश्न : झगेवाल्या व्यापाऱ्यांचं शहर

प्रश्न : जमिनीखालच्या एका काळोख्या गॉथिक शहरावर कादंबरी लिहितो आहे. तिथे पायघोळ झगे घातलेल्या, चेहरा न दाखवणाऱ्या व्यापाऱ्यांचं राज्य आहे. त्यांच्या परवानगीशिवाय बाजारात सुतळीचा तोडाही विकला जात नाही. इतिहासात असं काही होतं का, की सगळं कल्पनेतूनच उभं करावं लागेल? (एक वाचक, मिरज)

उत्तर : व्हेनिसचा इतिहास वाचा. शहर पाण्यावरचं आहे, पण बाकी सगळं तुमच्या वर्णनात बसतं. टोकदार गॉथिक कमानींचा राजवाडा, काळ्या झग्यातले सत्ताधारी, मुखवटे, बंद दाराआडच्या सभा, आणि व्यापार हाच धर्म असलेलं सरकार. १२९७ मध्ये तिथल्या महासभेची दारं बाहेरच्यांना जवळजवळ बंद झाली. ठरावीक घराण्यांत जन्मलेला पुरुषच पुढे सभासद होऊ लागला. १५०६ पासून या घराण्यांतल्या जन्मांची अधिकृत नोंद ठेवली जाऊ लागली. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला असे सभासद सुमारे अडीच हजार होते. हे जहागीरदार नव्हते. मिरी, मीठ, कापड आणि जहाजं यांवर घर चालवणारी ही मंडळी होती. वीस-पंचविसाव्या वर्षी अलेक्झांड्रियाच्या वखारीत हिशेब लिहिणारा मुलगा साठीत सिनेटमध्ये बसून त्याच वखारीबद्दलचे कायदे करायचा.

कादंबरीत एक गोष्ट जरूर आणा. या लोकांनी सर्वांत जास्त बेड्या स्वतःलाच घातल्या होत्या. त्यांचा धाक त्यातूनच आला, असं आमचं मत आहे. पुढची उत्तरं वाचताना ते लक्षात येईल.

प्रश्न : राज्यप्रमुख, म्हणजे दोजे, चिठ्ठ्या टाकून निवडत असं ऐकलं. नेमकं कसं? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : चिठ्ठी आणि मतदान आलटून-पालटून. ही पद्धत १२६८ मध्ये ठरली आणि १७९७ मध्ये राज्य बुडेपर्यंत चालली. टप्पे असे. महासभेतल्या तिशी ओलांडलेल्या सभासदांतून चिठ्ठीने ३० जण. त्यांतून पुन्हा चिठ्ठीने ९. हे ९ जण मतदानाने ४० नावं निवडणार, आणि प्रत्येक नावाला ९ पैकी ७ मतं हवीत. त्या ४० तून चिठ्ठीने १२. बाराजण २५ निवडणार, नावाला किमान ९ मतं. पंचविसांतून चिठ्ठीने ९, ते निवडणार ४५. पंचेचाळिसांतून चिठ्ठीने ११, ते निवडणार ४१. या ४१ जणांची निदान २५ मतं ज्याला पडतील, तो दोजे. चिठ्ठीऐवजी पेटीतून गोळे काढत, आणि काढणारा एक लहान मुलगा असे.

हा एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी? लाच द्यायची तर कोणाला द्यायची, हेच कळू नये म्हणून. पहिल्या नऊ जणांना विकत घेतलं तरी त्यांनी निवडलेल्या चाळिसांपैकी पुढे कोण उरेल, ते त्या मुलाच्या हातात. उलट नुसती चिठ्ठी ठेवली असती तर कोणीही नालायक वर आला असता. म्हणून प्रत्येक चिठ्ठीनंतर मोठ्या बहुमताची अट. एका घराण्यातल्या दोघांना एकाच टप्प्यात राहता येत नसे. आणि एवढं करून निवडलेल्या दोजेला सल्लागारांशिवाय परदेशी पत्र फोडण्याचीही मुभा नव्हती. मारिनो फालिएरो या दोजेने स्वतःच्या हाती सत्ता घेण्याचा कट केला, तेव्हा १३५५ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. महासभेच्या दालनात पहिल्या ७६ दोजेंची चित्रं ओळीने आहेत. त्याच्या जागी काळा पडदा रंगवलेला आहे.

प्रश्न : ‘व्यापारावर राज्य’ म्हणजे रोजच्या व्यवहारात काय? मिरीची एक खेप कोणकोणत्या हातांतून जायची? (वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : भांडवलापासून सुरुवात करू. जुन्या काळी भागीदारीचा ठरलेला नमुना होता, त्याला ‘कोलेगान्त्सा’ म्हणत. त्याचे दोन प्रकार. घरी बसणाऱ्याने दोन हिस्से आणि प्रवास करणाऱ्याने एक हिस्सा रक्कम घातली, तर नफा निम्मा-निम्मा. सगळी रक्कम घरी बसणाऱ्याचीच असेल, तर नफ्याचा पाऊण भाग त्याचा आणि पाव भाग प्रवाशाचा. म्हणजे ३०० नाणी घालून ८० नफा झाला तर ६० आणि २०. जहाज बुडालं तर पैसेवाल्याचे पैसे गेले, प्रवाशाची मेहनत गेली. गाठीला पैसा नसलेल्या धडपड्या तरुणाला या करारामुळे वर येता येई.

मग जहाज. मसाल्यासारखा किमती माल वल्ह्यांच्या मोठ्या गलबतांतून, म्हणजे गॅलीतून येई. चौदाव्या शतकापासून सोळाव्याच्या पूर्वार्धापर्यंत ही गलबतं सरकार आपल्या गोदीत बांधी आणि दर वर्षी एकेका सफरीपुरती लिलावाने भाड्याने देई. बोली फक्त उमराव घराण्यातल्यांनी लावायची. लिलावाआधी सिनेट अटी जाहीर करी. ताफ्यात गलबतं किती, कोणत्या बंदरात किती दिवस, कोणत्या मालाला काय भाडं, निघायचं केव्हा. भाड्याचा दर आधीच बांधलेला असल्यामुळे बोली जिंकणारा लहान व्यापाऱ्याचा माल नाकारून किंवा दुप्पट भाडं मागून त्याला मारू शकत नसे. गलबतावर दोनशेच्या आसपास माणसं, त्यांत धनुर्धारी वेगळे. ताफ्याचा प्रमुख सरकारने नेमलेला.

बिघाड व्हायचा तो वेळेत. उंटांचा तांडा उशिरा आला की बंदरात माल नाही, आणि थांबावं तर मुदत टळते, दंड बसतो. म्हणून लवकर निघालेली गलबतं अर्धी रिकामी परतत. दुसरीकडे, सगळा ताफा एकदम परतला की रिआल्तोच्या बाजारात मिरीचा भाव कोसळे. ज्याच्याकडे वखार आणि थांबण्याची ऐपत, तोच तेव्हा तरून जाई.

रिआल्तो हा बाजारपेठेचा भाग. तिथल्या सान जाकोमो चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर लॅटिन लेख कोरलेला आहे. त्याचा आशय असा : या मंदिराभोवती व्यापाऱ्याचा कायदा न्याय्य असो, वजनं खोटी नसोत, करार कपटाचे नसोत. याच चर्चपाशी सराफ बाकावर वही उघडून बसत. पैसे द्यायचे तर देणारा आणि घेणारा दोघांनी समोर उभं राहायचं. देणाऱ्याने तोंडी सांगायचं, सराफाने त्याच्या नावे आणि दुसऱ्याच्या जमा लिहायचं, की व्यवहार पुरा. नाणं हलत नसे. हीच पद्धत दुर्बळ कुठे होती, तेही सांगायला हवं. ठेवीचे पैसे सराफ स्वतःच्या धंद्यात गुंतवत. युद्धाची किंवा जहाज बुडाल्याची बातमी आली की बाकासमोर रांग लागे. १४९९ मध्ये गार्झोनी आणि लिप्पोमानो या दोन बड्या पेढ्या काही महिन्यांच्या अंतराने बसल्या. शेवटी १५८७ मध्ये सरकारने स्वतःची पेढी काढली. तिला ठेवीतून कर्ज द्यायची मुभा नव्हती.

परदेशी व्यापाऱ्यावर आणखी करडी नजर. जर्मन व्यापाऱ्यांसाठी १२२८ च्या सुमारास वखार-कम-धर्मशाळा बांधली होती. उतरायचं तिथेच, माल तिथेच, आणि प्रत्येक सौद्याला सरकारने नेमून दिलेला दलाल हजर हवा. सौद्याची नोंद तो करी आणि जकात त्यावरून बसे. ही इमारत १५०५ मध्ये जळाली, १५०८ पर्यंत पुन्हा उभी राहिली, आणि तिच्या बाहेरच्या भिंती जोर्जोने आणि तित्सियान या चित्रकारांनी रंगवल्या.

मिठाचा तर पूर्ण मक्ता. परतणाऱ्या जहाजाने मीठ आणलं की सरकार त्यावर वरकड पैसे देई आणि पुढे तेच मीठ इटलीभर चढ्या भावाने विकी. मिठामुळे जहाजाला तळभार मिळे आणि इतर मालाचं भाडं कमी ठेवता येई.

प्रश्न : काळे झगे, पांढरे मुखवटे आणि निनावी तक्रारींच्या पेट्या. यात खरं किती? (एक वाचक, फोंडा, गोवा)

उत्तर : तिन्ही खरं, पण एकत्र कालवू नका. झगा हा गणवेश होता. लांब बाह्यांचा काळा पायघोळ झगा वयात आलेला प्रत्येक उमराव घाली. वरच्या पदाला तांबडा किंवा जांभळा रंग. १५३९ मध्ये तीन गुप्त चौकशी-अधिकारी नेमले गेले. त्यांत राज्याची सुरक्षा पाहणाऱ्या दहांच्या मंडळातले दोघे काळ्या झग्यात आणि दोजेच्या सल्लागारांतला एक तांबड्या झग्यात. लोक त्यांना ‘तांबडा’ आणि ‘काळे’ असंच म्हणत.

दहांचं मंडळ १३१० मध्ये एका बंडानंतर तात्पुरतं नेमलं आणि १३३५ मध्ये कायमचं झालं. बैठकीला दोजे आणि सहा सल्लागारही असत, म्हणजे माणसं सतरा. मुदत एक वर्ष, लगेच पुन्हा निवड नाही, एका घराण्यातले दोघे नाहीत, आणि प्रमुख तिघे दर महिन्याला बदलणार.

तक्रारीच्या पेट्या दगडी तोंडाच्या. फटीतून टाकलेला कागद आतल्या खोलीतल्या कुलूपबंद पेटीत पडे. वेगवेगळ्या खात्यांच्या वेगवेगळ्या पेट्या होत्या. करचुकवेगिरी, अन्नातली भेसळ, शहराची स्वच्छता. पण कागद टाकला की मुंडकं उडालं, हे खोटं. बिनसहीच्या तक्रारी जाळून टाकाव्यात असा दहांच्या मंडळाचा १३८७ चा ठराव आहे.

मुखवट्याचा बहर अठराव्या शतकातला. ‘बाऊता’ म्हणजे काळी टोपी, खांद्यापर्यंतचं काळं शिरोवस्त्र, झूल आणि पांढरा मुखवटा. मुखवट्याचा खालचा भाग पुढे आलेला असतो. त्यामुळे मुखवटा न काढता खाता-पिता येतं आणि आवाजही बदलतो. १६३८ मध्ये सरकारी जुगारघर निघालं. तिथे खेळणाऱ्याने मुखवटा घालायचा आणि पत्ते वाटणाऱ्या उमरावाने उघड्या चेहऱ्याने बसायचं. तुमच्या गोष्टीत हे उलटं दाखवलं जाण्याची शक्यता जास्त, म्हणून मुद्दाम सांगितलं.

प्रश्न : व्हेनिसच्या खाली भुयारं आहेत का? नसतील तर आहे काय? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : भुयारांचं जाळं नाही, चिखलात ते टिकणारच नाही. खाली आहेत लाकडी खुंट आणि पाणी साठवण्याची टाकी. दुसरी गोष्ट फारशी कोणी सांगत नाही, म्हणून तिच्यावरच थांबू.

चारी बाजूंनी पाणी, पण खारं. म्हणून प्रत्येक चौकच पावसाच्या पाण्याची गाळणी केला. चौकात पाच-सहा मीटर खोल खड्डा घ्यायचा. तळाला आणि कडांना चिकणमातीचा जाड, सलग लेप द्यायचा, म्हणजे बाहेरचं खारं पाणी आत येत नाही. मधोमध दगडी तळ ठेवून त्यावर विटांची गोल विहीर बांधत आणायची, खालचे थर पाणी झिरपेल असे. विहीर आणि लेप यांमधली सगळी जागा स्वच्छ वाळूने भरायची. वर फरसबंदी, आणि तिला उतार विहिरीकडे नव्हे तर विहिरीपासून थोड्या अंतरावर बसवलेल्या भोकाच्या दगडांकडे. पाऊस त्या भोकांतून वाळूत उतरतो, गाळला जाऊन विहिरीत येतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला अशा सहा हजारांहून अधिक विहिरी होत्या. सार्वजनिक विहिरींना कुलूप असे आणि ठरल्या वेळी घंटा वाजली की झाकण उघडे.

बिघाड दोन. लेपाला तडा गेला की पाणी मचूळ. भरतीचं पाणी चौकात चढून भोकांतून शिरलं तर सगळी वाळूच खारट होते. मग उपसणं, धुणं, नाहीतर वाळू बदलणं. म्हणून काही चौकांत विहिरीभोवतीची जागा दोन-तीन पायऱ्या उंच उचललेली दिसते. कोरड्या दिवसांत ब्रेंता नदीचं पाणी होड्यांतून आणून ओतत. १८८४ मध्ये नळ आला, तेव्हा ही यातायात संपली.

खुंटांचं थोडक्यात. चिखलात हवा पोचत नाही, म्हणून लाकूड कुजत नाही. १५९१ मध्ये पुऱ्या झालेल्या रिआल्तोच्या पुलाखाली सुमारे १२,००० खुंट आहेत. खुंटांवर फळ्या, त्यांवर पाणी न पिणारा इस्त्रियाचा पांढरा दगड, मग विटा. आज धोका आहे तो या दगडाच्या वरच्या कडेला. पाण्याची पातळी तिथवर चढली की वीट खारं पाणी शोषते, आत मिठाचे स्फटिक होतात आणि वीट भुगा होऊन गळते.

प्रश्न : आजीच्या पुतळ्यांच्या माळेतल्या दोन पुतळ्यांवर देवी नाही. एक उभा माणूस, एक गुडघे टेकलेला, मध्ये काठी. सराफ म्हणाले ‘परदेशी’. यांचा व्हेनिसशी संबंध आहे का? (वाचक, सातारा)

उत्तर : अगदी थेट आहे. व्हेनिसने १२८४ मध्ये पाडायला सुरुवात केलेलं सोन्याचं नाणं म्हणजे दुकात, पुढे ‘झेक्किनो’. वजन साडेतीन ग्रॅम, म्हणजे साधारण साडेतीन मासे, आणि सोनं जवळजवळ शुद्ध. पाचशे वर्षं यात फरक केला नाही, म्हणून इजिप्तपासून मलबारपर्यंत कोणीही ते न कसता घेई. मसाल्याच्या बदल्यात ती नाणी आपल्या किनाऱ्यावर उतरली. नाण्यावरच्या आकृत्यांवरून मराठीत नाव पडलं ‘पुतळी’. शिवकालीन खजिन्याच्या यादीतही हे नाव येतं. दक्षिणेत त्याच चित्रात लोकांना माडावर चढणारा माडी काढणारा दिसला, आणि ते ‘शाणार काशू’ झालं.

तुमच्या नाण्यावरचा उभा माणूस म्हणजे संत मार्क, गुडघे टेकलेला तो दोजे, आणि काठी म्हणजे झेंड्याचा दांडा. मागे लंबगोलात ख्रिस्त आणि भोवती तारे असायला हवेत. पण घाई करू नका, कारण याच्या नकला आपल्याकडेही पुष्कळ झाल्या. भिंगाखाली अक्षरं पाहा. अस्सल नाण्यावर दांड्यालगत एकाखाली एक डी, व्ही, एक्स ही रोमन अक्षरं स्पष्ट असतात. नकलेत अक्षरांच्या नुसत्या रेघा-टिंबं उरतात, चेहरे काड्यांसारखे होतात. वजन करताना डाखाचं आणि कड्याचं वजन वेगळं धरा. दोजेच्या नावावरून काळ ठरतो, मात्र आल्विझे मोचेनिगो नावाचे चार दोजे झाले. ते नाव निघालं तर एकट्या नावावर वर्ष ठरवू नका.

कडं तोडून काढू नका, आणि उजळायला देऊ नका. उजळणीत पहिल्यांदा झिजतात ती हीच अक्षरं.