दोन दिवसांत प्लास्टिकचं विमान बनवून होईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अकरा वर्षांचा भाचा शनिवार-रविवार राहायला येतोय, त्याला विमानांचं वेड आहे, तुम्ही दोघांनीही आजवर एकही किट जोडलेलं नाही, आणि रविवारी रात्री तो तयार विमान घेऊन घरी जायला हवा. जमेल का, आणि कुठलं घ्यावं?

जमेल. यात हातांना फारसं काम नसतं, वेळ जातो तो गोंद आणि रंग वाळण्यात. त्यामुळे भराभर जोडण्यापेक्षा कुठल्या कामानंतर किती थांबायचं, हे आधी ठरवून घ्या. नवखी माणसं पहिल्या तासाभरात सगळं चिकटवून मोकळी होतात आणि मग ओल्या रंगावर बोटांचे ठसे उठतात.

आधी किट. डोळे मिटून एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीचं स्पिटफायर मार्क १ (दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान) घ्या, १/७२ मापाचं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याचं, ‘स्टार्टर सेट’ लिहिलेलं. त्यात भागांसोबत छोट्या डब्यांत ॲक्रिलिक रंग, ब्रश आणि गोंद येतो, म्हणजे शनिवारी दुपारी रंगाच्या शोधात बाजार पालथा घालावा लागत नाही. या मापात सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा. भाच्याला हे आधी सांगा, मग वैमानिकाचं तोंड रंगवताना तो आपोआप श्वास रोखून बसेल. तयार विमानाचे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साडेपंधरा सेंटीमीटरच्या आसपास भरतात. भाग फार नाहीत, आणि चाकं पंखांत मिटलेली ठेवायची सोय आहे. ती सोय जरूर वापरा. चाकांचे नाजूक पाय सरळ बसवण्यात नवख्या माणसाचा तास सहज जातो आणि मुलांच्या हातात पहिले तेच तुटतात.

तुम्ही लिहिलंय की त्याला मिग-२१ हवंय. साहजिक आहे. नाशिकजवळ ओझरला बनलेलं, २६ सप्टेंबर २०२५ ला निवृत्त झालेलं विमान, टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलेलं. पण पहिलंच किट म्हणून नको. त्याचं धड म्हणजे लांबच लांब नळी, वरखाली जोडाची रेघ दिसत राहते, आणि चंदेरी रंगाखाली प्रत्येक ओरखडा दुप्पट उठून दिसतो. शिवाय नाकाखाली चाक असलेल्या विमानांच्या नाकात बऱ्याचदा वजन भरावं लागतं, नाहीतर ती शेपटीवर बसतात. नॅट या छोट्या जेट विमानाचाही विचार मनात येईल. एअरफिक्सचं छोटं नॅट छान आहे, पण ते दोन आसनांचं प्रशिक्षण विमान. १९६५ आणि १९७१ ला आपल्याकडे लढलं ते एका आसनाचं, त्यामुळे भारतीय निशाण लावून त्यातून ‘आपलं’ नॅट होत नाही. तसं स्पिटफायरही आपल्या वायुसेनेने वापरलंय, अगदी १९४७ च्या काश्मीर युद्धातसुद्धा, पण ते पुढचे प्रकार. खोक्यातलं १९४० च्या ब्रिटनच्या लढाईतलं आहे, त्याला तसंच राहू द्या.

घरातून काढून ठेवायच्या वस्तू: जुना नेलकटर, कपड्यांचे चिमटे, रबरबँड, टूथपिक, मास्किंग टेप, फेविकॉल, आणि हार्डवेअरच्या दुकानातून ६०० किंवा ८०० नंबरचा वॉटर पेपर (ओला करून घासायचा पॉलिश पेपर). फेविक्विक घेऊ नका. त्याबद्दल पुढे सांगतो.

शनिवारी सकाळी, भाग ज्या प्लास्टिकच्या फ्रेमला जोडून येतात ती न तोडता, भाग भांड्यांच्या साबणाने धुवून पंख्याखाली वाळवा. साच्याचं तेल राहिलं तर रंग धरत नाही. मग भाग नेलकटरने कापायचे, पण थेट कडेला नाही. थोडा दांडा ठेवून कापा आणि उरलेला वॉटर पेपरवर घासून काढा. हाताने पिरगळून तोडलं की भागाचाच कोपरा निघून येतो. ब्लेड वापरायची वेळ आली तर ती तुम्ही वापरा. वैमानिक आणि कॉकपिटचा आतला भाग याच वेळी रंगवा, धड जोडल्यावर तिथे ब्रश जात नाही.

आता गोंद. किटमधला गोंद हा आपल्याला माहीत असलेल्या अर्थाने चिकटवत नाही. तो पॉलिस्टायरीन, म्हणजे किटचं प्लास्टिक, विरघळवतो आणि दोन्ही कडा एकमेकींत मुरतात, म्हणून वाळल्यावर जोड पक्का होतो. याचा अर्थ जास्त गोंद लावला की विमान वितळतं. टूथपिकच्या टोकावर थेंबभर घ्या, कडेच्या आतल्या बाजूने फिरवा, धडाच्या दोन्ही बाजू जुळवा आणि हलकं दाबा. जोडातून केसाएवढी मऊ प्लास्टिकची रेघ वर आली तर छान, ती पुसू नका. पुसली तर मऊ झालेलं प्लास्टिक पसरतं. रात्रभर कडक होऊ द्या, सकाळी वॉटर पेपर ओला करून घासा, फट पुट्टीशिवाय नाहीशी होते. बाटलीतला पातळ गोंद मिळाला तर आणखी मजा: भाग कोरडे जुळवून धरायचे, ब्रशचं टोक फटीला लावायचं आणि गोंद स्वतःच रेघेने धावत जातो. भाच्याला हे करायला द्याच. खिडक्या मात्र उघड्या ठेवा, वास डोक्यात जातो.

पंख लावल्यावर विमान समोरून बघा. स्पिटफायरचे पंख धडाकडून टोकाकडे किंचित वर चढत जातात, दोन्ही बाजूंना सारखे हवेत. शेपटीचे आडवे पंख मात्र सरळ. गोंद ओला असताना पाच-दहा मिनिटं हे बदलता येतं, मग नाही. टेपने बांधा आणि जेवायला उठा. हे उठणंच सगळ्यात अवघड असतं, मुलाला हात लावून बघायचाच असतो. त्या वेळात त्याला विमानाच्या नाकावरचा पंखा रंगवायला द्या: पाती काळी, टोकं पिवळी. खऱ्या विमानावर ती पिवळी टोकं चार इंचांची होती, इथे जेमतेम दीड मिलिमीटर. तास निवांत जातो.

शनिवारी संध्याकाळी पोटाकडचा फिकट रंग, स्काय नावाचा, निळसर हिरवट. रविवारी सकाळी जोड घासून झाल्यावर वरचा मातकट तपकिरी आणि तो वाळल्यावर गडद हिरव्याचे पट्टे. फिकटापासून गडदाकडे जायचं. ब्रशने जाड थर एकदा देण्यापेक्षा पाण्याने किंचित पातळ केलेले दोन थर द्या, मध्ये अर्धा तास सोडून. पहिला थर बघून भाचा नाराज होईल, प्लास्टिक दिसतंच. दुसऱ्यात झाकतं. ॲक्रिलिक असल्यामुळे हे एका दिवसात उरकतं, इनॅमल रंग असते तर रात्रच घालवावी लागली असती. कॅम्लिनचे ट्यूबमधले ॲक्रिलिक घरात असले तरी ते यावर घेऊ नका, प्रायमरशिवाय नखाने सालपट निघतं. आणि पावसाळ्यात मुंबई-कोकणात असाल तर मधल्या वेळा दीडपट धरा.

दुपारी निशाणं, म्हणजे डेकल, पाण्यात भिजवून कागदावरून सरकवायची पातळ चित्रं. सगळं विमान यावर उठतं, त्यामुळे इथे घाई नडते. एकेक कापून कोमट पाण्यात अर्धा मिनिट बुडवा, काढून ओल्या कागदासकट बाजूला ठेवा. बोटाने हळूच सरकवून पाहा: कागदावरून निसटू लागलं की तयार. पंखावर जिथे लावायचं तिथे पाण्याचा थेंब ठेवा, कागद शेजारी टेकवा आणि डेकल कागदावरून पंखावर ओढून न्या. थेंबावर ते तरंगतं, जागेवर आणायला वेळ मिळतो. मग कापडाच्या टोकाने मधून कडेकडे पाणी टिपा. खरखरीत मॅट रंगावर डेकलखाली हवा अडकून चांदीसारखी झाक दिसते. पारदर्शक ग्लॉस वॉर्निशचा हात आधी मारता आला तर ती टळते, पण पहिल्या विमानाला नाही मारला तरी बिघडत नाही.

सगळ्यात शेवटी कॉकपिटची काच, आणि ती फेविकॉलने. वाळल्यावर तो पारदर्शक होतो आणि बाहेर आला तर ओल्या कपड्याने पुसता येतो. फेविक्विकच्या वाफेने काच पांढरी धुरकट होते, किटमधला गोंद तर काच विरघळवतो. दोन्ही तिथून दूर ठेवा.

रविवारी दुपारपर्यंत हिरवे पट्टे झालेच नाहीत तर ते सोडा, डेकल आणि काच लावा. तपकिरी स्पिटफायरवरही मुलं खूश असतात, पट्टे पुढच्या सुट्टीत.

उलट शनिवार अर्धा गेला आणि एकच संध्याकाळ उरली, तर एअरफिक्सचं क्विकबिल्ड घ्या. भाग एकमेकांत दाबून बसतात, गोंद-रंग काही नाही. माझ्या मते ते खेळण्याकडे झुकतं, आणि अकरा वर्षांच्या विमानवेड्याला ते लगेच कळतं. पण तीन तासांत दुसरा पर्याय नाही.

गाडीने परत जाणार असेल तर विमान टिश्यू पेपरात घट्ट गुंडाळू नका, ताजा रंग कागदाला धरतो. किटच्याच खोक्यात पोटाकडून टेपच्या एका वळ्यावर बसवा आणि खोका मांडीवर घेऊन बसायला सांगा.